आकडा सात की नऊ?

१. एका देवळाची तीन उत्तरं

अंबरनाथच्या शिवमंदिरात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो : हे देऊळ बांधलं कोणी?

पहिलं उत्तर स्टेशनवरून येताना रिक्षातच मिळतं. पांडवांनी, एका रात्रीत. पहाट झाली आणि वरचं छत राहून गेलं. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं आणि मान वर केली की खरंच आकाश दिसतं, त्यामुळे या गोष्टीला जागेवरच पुरावा मिळतो आणि ती आणखी पक्की होते.

दुसरं उत्तर शिकल्यासवरल्या पाहुण्याचं असतं : हेमाडपंती. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं जुनं देऊळ दिसलं की महाराष्ट्रात आपण त्याच्यावर हा शिक्का मारून मोकळे होतो. हेमाडपंत, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला हेमाद्री पंडित, तेराव्या शतकातला. अंबरनाथचं देऊळ त्याच्या जन्माच्या बरंच आधीचं आहे, त्यामुळे हे उत्तर पांडवांच्या उत्तराइतकंच चुकीचं. फक्त ते जरा आत्मविश्वासाने दिलं जातं.

तिसरं उत्तर छापील असतं : उत्तर कोकणचा शिलाहार राजा मम्मुणी, शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. माहितीपत्रकात, वर्तमानपत्रात, शाळेच्या सहलीनंतर लिहिलेल्या निबंधात हेच वर्ष येतं. हे बरोबर आहे. पण 'साधारण हजार वर्षांपूर्वी' असं न म्हणता वर्षासकट बोट ठेवता येतं ते कोणाच्या जोरावर? लिहिणाऱ्यांपैकी शंभरात एकालाही ते नाव ठाऊक नसतं. या प्रकरणात त्या माणसाची ओळख करून घेऊ, आणि एका पुरातत्त्वज्ञाचं काम किती आणि त्याचा प्रभाव किती, हे मोजायचं तरी कसं, तेही पाहू.

२. दगडावर लिहिलंच आहे, मग शोध कसला?

देवळाच्या सभामंडपाला गाभाऱ्याखेरीज तीन दिशांना दारं आहेत. त्यांतल्या उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूने, एक संस्कृत लेख कोरलेला आहे. महामंडलेश्वर मांवाणिराजदेव याचं नाव, त्याच्या मंत्र्यांची आणि अधिकाऱ्यांची नावं, छित्तराजदेवाचा उल्लेख, देवाचं नाव आणि शकाचं वर्ष, असा त्याचा ऐवज. मांवाणि आणि मम्मुणी हा एकच राजा.

मग कोणीही शिडी लावून वाचावं की! अडचण अशी की लेख नाकासमोर नाही, डोक्यावर आहे. तिथे उजेड कमी. शेकडो वर्षांचा धूर, तेल आणि हात दगडाला लागलेले. बारीक ओरखडा आणि मुद्दाम कोरलेली रेघ यांत डोळा सहज फसतो. म्हणून जाणकार दगड नुसता वाचत नाहीत, आधी त्याचा ठसा घेतात. लेख पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करायचा. ओला कागद त्यावर चिकटवायचा. मग राठ केसांच्या ब्रशने कागदावर ठोकत राहायचं. कागद फाटता कामा नये, पण प्रत्येक अक्षराच्या खाचेत उतरला पाहिजे. थोडा सुकला की वरून शाईची पुरचुंडी हलक्या हाताने टेकवत जायचं. खाचेत गेलेला कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो. काळ्यावर पांढरी अक्षरं मिळतात, ती घरी नेऊन, कंदिलाच्या उजेडात, महिनोन् महिने बघता येतात.

इथून पुढे तीन वेगवेगळी कामं सुरू होतात. पहिलं, अक्षर ओळखणं. दुसरं, अक्षरांचे शब्द आणि शब्दांचा अर्थ लावणं. तिसरं, तो अर्थ बाकीच्या लेखांशी, ताम्रपटांशी, नाण्यांशी पडताळून बघणं. एकच माणूस तिन्हींत तरबेज असेल असं नाही, आणि पहिल्या कामात झालेली चूक पुढच्या दोघांच्या गळ्यात पडते. अंबरनाथला नेमकं तेच झालं.

३. शके ७८२ की शके ९८२?

अंबरनाथचा लेख विद्वानांपुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला ज्यांचं नाव आहे तेच हे भाऊ दाजी : डॉक्टर, मुंबईचे शेरिफ, कुष्ठरोगावर औषध शोधणारे आणि उरलेल्या वेळात प्राचीन लेख वाचणारे. त्यांचं वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, नवव्या खंडात, छापून आलं. त्यांनी वर्ष वाचलं शके ७८२.

त्याच नियतकालिकाच्या बाराव्या खंडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हाच लेख पुन्हा वाचला आणि वर्ष दुरुस्त केलं : शके ९८२.

शकाचं इसवी सनात रूपांतर करायला साधी बेरीज पुरते. शकात ७८ मिळवायचे (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९).

७८२ + ७८ = ८६०
९८२ + ७८ = १०६०

एका आकड्यात दोनशे वर्षांचा फरक. कारण लेखातली संख्या आपल्या आजच्या पद्धतीने लिहिलेली आहे. आकड्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. शतकाच्या घरातली खूण चुकली की शतकंच हलतात.

यातलं कोणतं वाचन बरोबर, हे दगडाकडे न बघताही आज आपल्याला तपासता येतं. शिलाहारांचे दुसरे लेख घेऊ. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. छित्तराज हा मम्मुणीचा थोरला भाऊ. अंबरनाथचं वर्ष ७८२ मानलं तर धाकटा भाऊ थोरल्याच्या आधी १६६ वर्षं राज्य करत होता असं म्हणावं लागेल. दुसरी बाजू बघू. कान्हेरीच्या लेण्यांत शके ७७५ आणि शके ७९९ चे लेख आहेत, आणि त्या दोन्ही वेळी कोकणात शिलाहार कपर्दी दुसरा याचा अंमल होता. ७८२ या दोन वर्षांच्या मध्ये पडतं. तिथे मम्मुणीला बसायला जागाच नाही. उलट मम्मुणीचा स्वतःचा एक ताम्रपट शके ९७१ चा मिळालेला आहे आणि त्याच्या नंतरच्या अनंतदेवाचा खारेपाटणचा ताम्रपट शके १०१६ चा. ९८२ या दोहोंमध्ये अगदी चपखल बसतं.

हे एवढे सगळे ताम्रपट ओळीने मांडून ठेवलेले आपल्याला आयते मिळतात. भाऊ दाजींच्या पुढे असं ताट वाढलेलं नव्हतं. त्यांचा आकडा चुकला म्हणून त्यांना हसण्यात काही अर्थ नाही. माझ्या मते त्यांचं मोठं काम हे की त्यांनी वाचन छापून टाकलं. छापलं म्हणून दुसऱ्याला ते खोडता आलं.

४. जुनागढचा मुलगा

दुरुस्ती करणारे भगवानलाल हे भाऊ दाजींचेच शिष्य म्हणायचे. जन्म १८३९ चा, जुनागढचा. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर ती प्रसिद्ध शिळा, जिच्यावर अशोक, रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तीन वेगवेगळ्या काळांतल्या राजवटींचे लेख आहेत. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली होती. तिच्या अक्षरांचा तक्ता या मुलाच्या हाती पडला आणि तो त्या शिळेपुढे जाऊन बसू लागला. कॉलेज नाही, गुरू नाही, इंग्रजीही बेताचीच. 'रासमाला' लिहिणारे अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स तेव्हा काठेवाडात होते. त्यांच्या शिफारशीने भगवानलाल १८६२ च्या आसपास मुंबईला भाऊ दाजींकडे आले.

पुढची जवळजवळ बारा वर्षं त्यांचं काम म्हणजे प्रवास. भाऊ दाजी पैसे आणि दिशा देत, भगवानलाल देशभर हिंडून लेखांचे ठसे, नकला आणि नाणी आणत. निबंध वाचला जाई भाऊ दाजींच्या नावाने. आजच्या विद्यापीठात यावरून तक्रार झाली असती. तेव्हा तशी रीतच होती. मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष म्हणून ओळखला जाणारा लेखयुक्त दगड त्यांना १८६९ साली सापडला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नेपाळपर्यंत ते गेले.

१८७४ साली भाऊ दाजी वारले, आणि मग भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. स्वतःच्या नावाने, पण गुजरातीत. इंग्रजी रूप दुसरे देत. त्यांत मुंबईच्या शिक्षण खात्यातले जर्मन संस्कृतज्ञ ग्योर्ग ब्यूलर प्रमुख होते. अंबरनाथच्या दुरुस्तीचा खंड नेमका याच काळातला. त्याच बाराव्या खंडात भगवानलाल यांचा आणखी एक छोटा लेख आहे, नाणेघाटातल्या आकड्यांवरचा. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेने यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांचा हिशेब कोरलेला आहे. तिथल्या संख्या आपल्यासारख्या जागेवर किंमत ठरणाऱ्या नाहीत. दहाला, शंभराला, हजाराला स्वतंत्र खुणा आहेत. त्या खुणा कोणत्या हे भगवानलाल यांनी लावून दाखवलं आणि पुढे १८७७ साली जुन्या नागरी अंकांवर सविस्तर निबंध लिहिला. मुंबईत त्या वेळी जुन्या आकड्यांकडे त्यांच्याइतक्या बारकाईने बघणारा दुसरा माणूस दाखवणं कठीण. अंबरनाथचा सात त्यांच्या नजरेखालून सुटला नाही याचं मला नवल वाटत नाही.

१८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, ते काम तर एखाद्या गोष्टीसारखं आहे. गावात त्या उंचवट्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. मधोमध खणत गेल्यावर दगडाची मोठी गोल पेटी लागली. झाकण काढलं तर आत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती वर्तुळात आठ धातूच्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडा, त्याच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणीतरी ते इतक्या आवरणांत जपलेले. सोबत सातवाहन यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं, त्यामुळे काळाचा अंदाज बांधता आला. अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यालाच हाती आला. ग्रीक खलाशांच्या वृत्तांतात येणारं बंदर ते हेच, याला त्यामुळे भरभक्कम आधार मिळाला.

हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ च्या मार्चमध्ये वाळकेश्वरला ते वारले तेव्हा पन्नाशीही झालेली नव्हती.

५. दोनशे वर्षांनी काय बिघडतं?

कोणी म्हणेल, ८६० काय आणि १०६० काय, जुनं ते जुनंच. भाविकाला फरक पडत नाही हे खरं. पण देवळांच्या बांधणीचा इतिहास लिहिणाऱ्याचं अख्खं गणित या आकड्यावर उभं असतं.

अंबरनाथच्या शिखराच्या शैलीला भूमिज म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. शिखराच्या चारही बाजूंच्या मधून खालून वर निमुळता होत जाणारा एकेक नक्षीदार पट्टा असतो, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढवलेल्या असतात. अंबरनाथचं शिखर वरून नाहीसं झालं आहे, तरी खालच्या उरलेल्या भागात या ओळी स्पष्ट दिसतात. भूमिज देवळं माळव्यात आणि महाराष्ट्रात जास्त. मध्य प्रदेशात विदिशेजवळच्या उदयपूरला परमार राजा उदयादित्याने बांधलेलं उदयेश्वर हे त्यांतलं सगळ्यात देखणं आणि पूर्ण टिकलेलं. तेही अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. सिन्नरचं गोंदेश्वर हे त्यानंतरचं.

आता अंबरनाथ ८६० चं धरा. मग कोकणातलं हे देऊळ या सगळ्या घराण्याचं मूळपुरुष ठरतं आणि माळव्याने शैली कोकणाकडून उचलली असं म्हणावं लागतं. शिवाय मधली दोनशे वर्षं त्याच्या तोडीचं दुसरं देऊळ का मिळत नाही, याचंही उत्तर द्यावं लागतं. १०६० धरलं की चित्र बदलतं. भोज परमाराच्या नंतरच्या पिढीत माळव्यात आणि कोकणात एकाच सुमाराला अशी देवळं उभी राहत होती, कारागीर आणि कल्पना दोन्हीकडे ये-जा करत होत्या, असं म्हणायला वाव मिळतो. वालधुनी नदीच्या काठावरचं हे देऊळ एकाकी आश्चर्य राहत नाही, त्याला समवयस्क भावंडं मिळतात. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा ग्रंथ १९३१ साली आला, कृष्णदेव यांनी पुढे भूमिज देवळांचा वेगळा अभ्यास मांडला. अशा प्रत्येक मांडणीत अंबरनाथ आपल्या जागी बसतं ते सातचा नऊ झाल्यामुळे.

६. कामाचं वजन कसं करायचं?

संशोधकाचा प्रभाव मोजायला आज एक पद्धत सर्रास वापरतात : एच-इंडेक्स. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ती २००५ साली सुचवली. कल्पना अशी : तुमच्या एकेका निबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला ते लिहा आणि संख्या उतरत्या क्रमाने लावा. समजा पाच निबंध आहेत आणि उल्लेख २०, ९, ४, ३, १ असे आहेत. पहिल्या तीन निबंधांना किमान तीन-तीन उल्लेख आहेत, म्हणून तीनपर्यंत पोचलो. चौथ्याला चार हवे होते, आहेत तीनच. इंडेक्स झाला ३. भरमसाट छापणाऱ्याला किंवा एकाच गाजलेल्या निबंधावर जगणाऱ्याला यात फार गुण मिळत नाहीत, हा तिचा फायदा.

ही फूटपट्टी भगवानलाल यांना लावा आणि काय होतं ते बघा. सुरुवातीची बारा वर्षं दुसऱ्याच्या खात्यात. पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांवरचं १८८१ चं पुस्तक जेम्स बर्जेस यांच्याबरोबरचं. नेपाळचे लेख ब्यूलर यांच्याबरोबर. ठाणे आणि नाशिकच्या गॅझेटियरमध्ये त्यांनी पुरवलेली केवढी तरी माहिती आहे, पण गॅझेटियर सरकारी. मुखपृष्ठावर लेखक म्हणून त्यांचं नाव कसं येणार? गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी त्यांचं ऋण मोकळेपणाने मानलं आहे, पण प्रस्तावनेतले आभार कुठल्याही इंडेक्समध्ये मोजले जात नाहीत.

आणि अंबरनाथचं १०६०? पहिली काही वर्षं लिहिणारे 'भगवानलाल यांच्या वाचनानुसार' असं म्हणत. मग वाद संपला, वर्ष सगळ्यांचं झालं आणि नाव गळालं. म्हणजे काम जितकं पक्कं ठरलं तितके नावानिशी उल्लेख कमी झाले. एच-इंडेक्सचं इथे डोकं चालत नाही.

त्यापेक्षा सातबारा बघायची आपली सवय इथे जास्त कामाची आहे. उताऱ्यावर नवीन नाव चढतं तेव्हा जुनं नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात आणि बाजूला फेरफार क्रमांक लिहितात. वाद निघाला की त्या क्रमांकावरून मागे मागे जाता येतं. अंबरनाथच्या लेखाच्या उताऱ्यावर पहिली नोंद भाऊ दाजींची, ७८२ ची. ती कंसात गेली. दुसरी भगवानलाल यांची, ९८२ ची. ती आजतागायत चालू आहे. पुरातत्त्वज्ञाची किंमत करायची तर त्याने किती पानं छापली यापेक्षा त्याच्या किती नोंदींना अजून कंस पडलेला नाही, हे मोजावं. भगवानलाल यांच्याही काही नोंदींना कंस पडले आहेत. ओडिशातल्या हाथीगुंफेचा खारवेलाचा लेख त्यांनी लावला, लायडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी निबंध लिहिला, पण त्यातला काळ ज्या 'मौर्य संवता'वर त्यांनी बसवला तो पुढच्या अभ्यासकांनी मान्य केला नाही. राजाचं नाव खारवेल आहे, हे मात्र त्यांनीच लावलेलं टिकलं.

७. पुढच्या नोंदी

त्यांच्या मृत्यूनंतरही काम छापून येत राहिलं. पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरचा त्यांचा निबंध ई. जे. रॅप्सन यांनी संपादित करून १८९० साली लंडनला प्रसिद्ध केला. गुजरातच्या प्राचीन इतिहासाची टिपणं अर्धवट राहिली होती. ती पुरी करून १८९६ च्या गॅझेटियरमध्ये घालणारा अधिकारी म्हणजे ए. एम. टी. जॅक्सन. हो, तोच. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळ्या घातल्या तो कलेक्टर. आपल्या शाळेच्या इतिहासात तो एका ओळीपुरता येतो आणि त्याच्या संस्कृतच्या व्यासंगाचा तिथे पत्ताच नसतो.

अंबरनाथपुरतं बोलायचं तर उताऱ्यावरची पुढची मोठी नोंद वासुदेव विष्णु मिराशी यांची. नागपूरला बसून त्यांनी कलचुरी, वाकाटक आणि शेवटी शिलाहार अशा तीन राजवंशांचे लेख एकहाती संपादित केले. शिलाहारांचा इंग्रजी खंड १९७७ साली निघाला तेव्हा त्यांचं वय चौऱ्याऐंशीच्या घरात होतं. त्याआधी १९७४ मध्ये 'शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख' हा त्यांचा मराठी ग्रंथ आला, त्यामुळे हा सगळा मामला मराठी वाचकाला थेट वाचता येतो. शकाच्या आकड्याला मिराशींनी हात लावला नाही. वाद उरला तो दुसऱ्याच ठिकाणी : लेखात छित्तराजदेवाचं नाव आहे ते कशासाठी? देऊळ थोरल्या भावाने सुरू करून धाकट्याने पुरं केलं, असं मानणारे बरेच आहेत. कोणी म्हणतं, तिथे बोलणं देवळाचं नसून छित्तराजाच्या वास्तूचं आहे. झिजलेल्या चार-दोन अक्षरांवर हा निवाडा अडलेला आहे, आणि ती अक्षरं आता दगडापेक्षा जुन्या ठशांवर शोधणं जास्त शहाणपणाचं.